घरगुती बर्फ : पुरवठा, यंत्र आणि दुरुस्ती यांचा इतिहास (परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

घरातील यंत्रांचा इतिहास हा सामाजिक इतिहासाचा एक महत्त्वाचा परंतु काहीसा उपेक्षित भाग आहे. यंत्राचा शोध कोणी लावला, ते बाजारात केव्हा आले, याची नोंद ग्रंथांतून व कंपन्यांच्या अहवालांतून सापडते. तेच यंत्र सामान्य कुटुंबाच्या घरी आल्यावर कशामुळे बंद पडले आणि कोणी दुरुस्त केले, याची नोंद मात्र सहसा राहत नाही. वास्तविक पाहता यंत्राच्या बिघाडातून त्या प्रदेशाची वीज, पाणी, हवामान आणि तेथील तांत्रिक शिक्षण या सर्वांची परिस्थिती एकाच वेळी समोर येते.

प्रस्तुत शोधनिबंधात फ्रीजच्या दारातून बर्फ देणारी यंत्रणा, म्हणजेच आईस डिस्पेन्सर, हा अभ्यासाचा विषय घेतला आहे. खाचेत ग्लास धरून पट्टी दाबली की बर्फाचे तुकडे ग्लासात पडतात, अशी ही सोय आहे. मे महिन्यात पारा ४२ ते ४४ अंश सेल्सिअसपर्यंत चढणाऱ्या परभणी जिल्ह्यात अशा सोयीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही सोय ज्या परिस्थितीसाठी घडविली गेली ती परिस्थिती आणि परभणी जिल्ह्यातील घराची परिस्थिती यांत मोठे अंतर आहे. या अंतराचा ऐतिहासिक मागोवा येथे घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) महाराष्ट्रात बर्फ घरापर्यंत पोहोचण्याच्या टप्प्यांचा आढावा घेणे.
२) मराठवाड्यातील फ्रीजच्या प्रसाराची पार्श्वभूमी समजून घेणे.
३) आईस डिस्पेन्सरच्या बिघाडाची स्थानिक कारणे शोधणे व घरगुती दुरुस्तीचा क्रम आणि तिच्या मर्यादा स्पष्ट करणे.
४) दुरुस्तीचे ज्ञान कोणाकडे राहिले, या प्रश्नाचा विचार करणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती :

परभणीसारख्या जिल्ह्यात आईस डिस्पेन्सरच्या नेहमीच्या बिघाडांची मुळे बहुतांशी यंत्राच्या बाहेर, म्हणजे वीज व पाणी यांच्या पुरवठ्यात असतात, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित माहिती, शासकीय नियम आणि यंत्राची रचना यांचा आधार घेतला आहे.

यंत्रापूर्वीचा गारवा :

भारतात गारव्याची साधने फार जुनी आहेत. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'मध्ये सोरा पाण्यात विरघळवून त्यात पाण्याची सुरई थंड करण्याची रीत वर्णन केली असून उत्तरेकडील पर्वतांतून लाहोरला बर्फ आणला जात असल्याचाही उल्लेख आहे. इ.स. १७७५ मध्ये रॉबर्ट बार्कर याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबाद परिसरातील बर्फ तयार करण्याच्या पद्धतीवर लेख प्रसिद्ध केला. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून पहाटे त्यावर धरलेला बर्फ गोळा केला जाई. हे बर्फ अर्थातच थोडे आणि श्रीमंतांपुरते होते.

सामान्य माणसाचा गारवा माठात, रांजणात आणि वाळ्याच्या पडद्यात होता. माठाच्या छिद्रांतून पाझरलेल्या एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन जलद, त्यामुळे मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, जेव्हा गरज सर्वाधिक असते तेव्हाच, माठ उत्तम काम करतो. त्याला वीज लागत नाही. तरीही माठ 'बिघडतो'. पाण्यातील क्षारांनी त्याची छिद्रे बुजतात, तो पाझरेनासा होतो आणि पाणी कोमट राहते. म्हणून बाहेरून घासणे किंवा दर उन्हाळ्यात नवा माठ आणणे ही त्याची घरगुती दुरुस्ती ठरली. या दुरुस्तीचे ज्ञान घरातील स्त्रीकडे होते आणि त्यासाठी कोणालाही बोलवावे लागत नसे. पुढे आईस डिस्पेन्सरच्या बिघाडाचा विचार करताना हाच क्षार पुन्हा भेटणार आहे.

बोस्टनचा बर्फ ते बर्फाचा कारखाना :

एकोणिसाव्या शतकात बर्फ हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचा माल बनला. बोस्टन येथील फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून जहाजाने उष्ण देशांत पाठविण्याचा उद्योग १८०६ मध्ये सुरू केला. मे १८३३ मध्ये बोस्टनहून निघालेले 'टस्कनी' हे जहाज सप्टेंबरमध्ये कलकत्त्यास पोहोचले. निघताना त्यात सुमारे १८० टन बर्फ होते व चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातील सुमारे १०० टन शिल्लक होते. पुढच्याच वर्षी मुंबईतही अमेरिकी बर्फ आले. जमशेटजी जीजीभाई यांच्या मेजवानीत आईस्क्रीम वाढले गेले आणि त्यानंतर यजमानांसह पाहुण्यांना सर्दी झाल्याची वार्ता 'मुंबई समाचार'ने दिली, असे मुंबईच्या इतिहासात सांगितले जाते. १८४३ मध्ये मुंबईच्या किल्ला भागात वर्गणीतून बर्फघर उभे राहिले. जहाज उशिरा आले की शहराला बर्फ मिळत नसे. बर्फाची टंचाई ही तेव्हा पुरवठ्याची समस्या होती, यंत्राची नव्हती.

१८५१ मध्ये अमेरिकेत जॉन गोरी यास बर्फ करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन व फ्रान्समध्ये फर्दिनां कारे यांनी त्याच दशकात वेगवेगळ्या पद्धतींची यंत्रे तयार केली. १८७८ मध्ये कलकत्त्यात बेंगॉल आईस कंपनी स्थापन झाली आणि कारखान्यातील बर्फापुढे समुद्रमार्गे येणाऱ्या बर्फाचा व्यापार मागे पडला. अशा कारखान्यात अमोनियाच्या साहाय्याने थंड केलेल्या मिठाच्या पाण्याच्या हौदात गोड्या पाण्याचे डबे बुडवून बर्फाची लादी तयार केली जाते. मराठवाड्यातील बहुसंख्य लोकांचा बर्फाशी पहिला परिचय याच लादीमुळे झाला. लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी, रसवंतीवरील फोडलेले तुकडे, बर्फाचा गोळा, लग्नातील सरबत, ही त्या परिचयाची रूपे होत.

लादीच्या बर्फाची शुद्धता हा मात्र कायमचा प्रश्न राहिला. खाण्याचे बर्फ आणि मासे वगैरे टिकविण्याचे बर्फ ओळखता यावे म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने १ जून २०१८ पासून अखाद्य बर्फास निळा रंग देणे बंधनकारक केले. घरात, आपल्या पाण्याचे बर्फ असावे, या इच्छेमागे चैनीइतकेच आरोग्याचेही कारण होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

फ्रीजचे आगमन आणि मराठवाडा :

भारतीय कंपनीने देशात तयार केलेला पहिला फ्रीज गोदरेजने १९५८ मध्ये मुंबईत तयार केला. परभणीच्या दृष्टीने मात्र दुसरे एक नाव तितकेच महत्त्वाचे आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. याच हैदराबाद संस्थानात १९४२ मध्ये ऑल्विन हा धातुकामाचा कारखाना सुरू झाला होता. बसगाड्यांचे सांगाडे, पोलादी कपाटे आणि पुढे फ्रीज ही त्याची उत्पादने होत. १९९० च्या दशकात ऑल्विनचा फ्रीज विभाग व्होल्टासकडे गेला. राजकीय सीमा बदलल्या तरी फ्रीजच्या एका नामांकित निर्मितीकेंद्राचे शहर जुनी राजधानी हैदराबाद हेच राहिले. पुढे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे व्हिडिओकॉनने आपला उद्योग उभारला व मराठवाड्यातच फ्रीज तयार होऊ लागले. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

नाममुद्रांच्या या हस्तांतराचा परिणाम दुरुस्तीवर झाला. १९९० च्या दशकात केल्व्हिनेटर ऑफ इंडिया ही कंपनी व्हर्लपूलकडे गेली. केल्व्हिनेटर हे नाव मात्र पुढे इलेक्ट्रोलक्सकडे, तेथून व्हिडिओकॉनकडे आणि अलीकडे रिलायन्सकडे गेले. दारावरील नाव तेच, आतील रचना मात्र वेगळी, अशा स्थितीत योग्य सुटा भाग शोधणे हे मेकॅनिकच्या कौशल्याचे काम बनले.

फ्रीजला वीज हवी. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी अस्तित्वात आले. परभणी जिल्ह्यातच, जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणावर २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र उभे राहिले आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात परळी येथे औष्णिक केंद्र झाले. वीज जवळ तयार होत असली तरी ती घरात चोवीस तास राहील, असे त्यामुळे घडले नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

ट्रेपासून डिस्पेन्सरपर्यंत :

घरातील बर्फाचे तीन टप्पे दिसतात. पहिला टप्पा एकदारी फ्रीजमधील बर्फाच्या ट्रेचा. ट्रेखाली सांडलेले पाणी गोठून ट्रे चिकटणे हा त्या काळचा नेहमीचा बिघाड होय. तो सोडविण्यासाठी सुरी किंवा पेचकस वापरला की बर्फाच्या कप्प्याच्या पातळ ॲल्युमिनियमच्या भिंतीला छिद्र पडे, आतील गॅस निघून जाई आणि पाच मिनिटांच्या घाईपोटी मोठा खर्च उभा राही. फ्रीज बंद करून बर्फ आपोआप सुटू देणे व ट्रेचा तळ कोरडा करून ठेवणे, हा साधा नियम अनेक घरांनी असे नुकसान सोसूनच शिकला. दुसरा टप्पा फ्रॉस्ट फ्री फ्रीजमधील मूठ पिळून बर्फ खाली पाडण्याच्या ट्रेचा. यात यंत्र कमी आणि हाताचे काम अधिक असल्याने बिघाडही थोडेच.

तिसरा टप्पा स्वयंचलित यंत्रणेचा. अमेरिकेत सर्व्हेल कंपनीने १९५० च्या दशकात घरगुती फ्रीजमध्ये आपोआप बर्फ करणारे यंत्र आणले आणि १९६५ मध्ये फ्रिजिडेअरने दारातून बर्फ देणारा फ्रीज बाजारात आणला. भारतात ही सोय मोठ्या, दोन उभ्या दारांच्या फ्रीजबरोबर आली. तिची रचना थोडक्यात अशी : नळाचे पाणी विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हमधून बारीक नळीने साच्यात येते. साचा पुरेसा थंड झाल्याचे तापमापक घटकाने कळविले की तुकडे साच्यातून सुटून खालच्या डब्यात पडतात. दारातील पट्टी दाबली की डब्यातील मळसूत्री दांडा मोटरने फिरतो, तुकडे पुढे ढकलतो आणि उताराच्या मार्गाने ते ग्लासात पडतात. त्या मार्गाच्या तोंडाशी एक झडप असते. बर्फ पडल्यावर ती घट्ट मिटणे आवश्यक असते, अन्यथा बाहेरची दमट हवा आत शिरते.

बिघाडाची कारणमीमांसा :

अ) वीज : २००५ ते २०१२ या काळात महाराष्ट्राने तीव्र भारनियमन अनुभवले. ६ जून २००५ रोजी विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी स्थापन झाली. वीजगळती व वसुली यांच्या आधारे भारनियमनाचे गट पाडले गेले. विभागीय मुख्यालयांच्या तुलनेत मराठवाड्याच्या तालुक्यांत व खेड्यांत भारनियमनाचे तास अधिक होते. २०१२ च्या अखेरीपासून नियमित भारनियमन कमी होत गेले, तरी वादळ, रोहित्राचा बिघाड व कमी दाब यांमुळे खंड पडतच राहिले. काही तास वीज नसली की डब्यातील तुकड्यांचा पृष्ठभाग ओलसर होऊन ते एकमेकांस चिकटतात आणि वीज परत आल्यावर त्यांचा एकच गोळा होतो. दांडा तो गोळा फिरवू शकत नाही, मोटरचा नुसता घुमण्याचा आवाज येतो. येथे मोटर निर्दोष असते, तरी बदलली जाते ती मोटरच.

आ) पाण्याचा दाब : नळाशी जोडलेल्या अशा बहुतेक यंत्रांना किमान २० पीएसआय दाब लागतो, काहींना ३० लागतो. हा दाब अखंड नळपाणी असलेल्या शहरांना सहज मिळतो. मराठवाड्यातील बहुतेक शहरांत नळाला पाणी रोज येत नाही. ते आले की गच्चीवरील टाकीत साठविले जाते. टाकीतील पाण्याचा दाब केवळ उंचीवर अवलंबून असतो. दहा मीटर उंचीला सुमारे १४ पीएसआय, म्हणजे २० पीएसआयसाठी सुमारे १४ मीटर उंची हवी. एकमजली घराच्या गच्चीवरील टाकी फ्रीजपासून जेमतेम तीन मीटर उंच असते, तेव्हा दाब ४ पीएसआयच्या आसपास येतो. भिंतीवरील शुद्धीकरण यंत्राच्या टाकीला तर स्वतःचा दाब जवळजवळ नसतोच. दाब कमी असल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, थेंब थेंब पाणी गळून साच्यावरील नळीतच गोठते आणि बर्फ होणे थांबते. तुकडे लहान किंवा पोकळ पडणे ही याची पूर्वसूचना होय.

इ) क्षार : दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बऱ्याच ठिकाणी अधिक असतात. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी या क्षारांनी बुजते, तुकडे पांढरट होतात व साच्याला धरून राहतात. माठाची छिद्रे बुजविणारा क्षार तो हाच.

ई) उष्मा : उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणी ४० अंशांपर्यंत तापू शकते. एक किलो पाणी २० अंशांवरून गोठविण्यास सुमारे ४१८ किलोज्यूल, तर ४० अंशांवरून सुमारे ५०१ किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणजे सुमारे २० टक्के अधिक काम, तेही कॉम्प्रेसर आधीच तापलेला असताना. 'उन्हाळ्यात बर्फ कमी पडते' ही तक्रार पुष्कळदा बिघाड नसून हे साधे गणित असते.

वरील चारही कारणे यंत्राबाहेरची आहेत. परंतु यंत्र स्थानिक परिस्थितीस जुळवून घडविताच येत नाही, असे नाही. लसीकरणाच्या शीतसाखळीत प्राथमिक आरोग्य केंद्रांतून वापरला जाणारा बर्फाचे अस्तर असलेला फ्रीज याचे उत्तम उदाहरण आहे. दिवसात सुमारे आठ तास वीज मिळाली तरी तो लस २ ते ८ अंशांत राखू शकतो. वीज जाणार, हे गृहीत धरूनच तो घडविला गेला. घरगुती क्षेत्रातही दारातील टाकीत हाताने पाणी भरण्याची सोय असलेले फ्रीज आले, त्यामुळे नळाच्या दाबाची अट संपली. हे बदल उशिरा आले, पण त्यांतून गृहीतकाला पुष्टीच मिळते.

घरगुती दुरुस्तीचा क्रम व मर्यादा :

कारणे बाहेरची असल्याने तपासणीही बाहेरून आत, या क्रमाने होणे योग्य ठरते.

१) प्रथम कुलूपाचे बटण पाहावे. लहान मुलांसाठी दिलेले हे कुलूप चुकून दाबले गेले तर यंत्रणा बंद राहते. दार पूर्ण मिटले आहे का, हेही पाहावे. दार किंचित उघडे असल्यास डिस्पेन्सर चालत नाही.
२) नवीन जोडणीनंतर किंवा दीर्घकाळ वीज गेल्यानंतर एक दिवस वाट पाहावी. फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास आल्याशिवाय बर्फ नीट पडत नाही.
३) मोटरचा आवाज येतो पण बर्फ येत नाही, अशा वेळी प्लग काढून डबा बाहेर घ्यावा. गोळा कोमट पाण्याने सोडवावा, डबा पूर्ण कोरडा करून परत बसवावा. सुरी, पेचकस किंवा हातोडी वापरू नये.
४) डबाच रिकामा असेल तर पाण्याकडे वळावे. तोटी उघडी आहे का, नळी दुमडली आहे का, टाकीची उंची किती, फिल्टर किती जुना, हे पाहावे. फिल्टर साधारणपणे सहा महिन्यांनी बदलावा लागतो.
५) प्लग काढून व तोटी बंद करून व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळी काढावी आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून स्वच्छ करावी. दाब कमी असल्यास लहान पंप बसविणे किंवा नळजोडणी नसलेला फ्रीज निवडणे, हे खरे उपाय होत. नुसता व्हॉल्व्ह बदलून दोष पुन्हा उद्भवतो.
६) नळी गोठली असल्यास फ्रीज बंद ठेवून ती सावकाश सुटू द्यावी. झडपेवर बर्फाचा तुकडा किंवा दव अडकले असेल तर कोमट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे.
७) वीज आल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबून फ्रीज सुरू करावा. त्यामुळे आतील गॅसचा दाब समान होतो व कॉम्प्रेसरवर ताण येत नाही. विजेचा दाब अस्थिर असलेल्या भागात स्टॅबिलायझर आवश्यक ठरतो.

येथे घरगुती दुरुस्तीची सीमा येते. इलेक्ट्रॉनिक पट्टी, जळालेली मोटर, तापक आणि विशेषतः गॅसची नळी यांना घरी हात लावू नये. आधुनिक फ्रीजमधील आर-६००ए हा वायू ज्वलनशील आहे. तो भरण्यासाठी प्रशिक्षित मेकॅनिकच हवा.

दुरुस्तीच्या ज्ञानाचा प्रश्न :

माठाच्या काळात दुरुस्तीचे ज्ञान घरात होते. फ्रीज आल्यावर ते मेकॅनिककडे गेले. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उपलब्ध झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत प्रशिक्षित मेकॅनिकांची पिढी तयार झाली. या पिढीला तीन वेळा नवा वायू शिकावा लागला. आधी आर-१२ होता. त्याने ओझोनचा थर विरळ होतो असे सिद्ध झाल्यावर १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २०१० पर्यंत अशा वायूंचा वापर हद्दपार झाला. त्यानंतर आर-१३४ए आणि मग आर-६००ए आला. प्रत्येक वायूसाठी तेल, साधने व सुरक्षिततेचे नियम वेगळे. शासनाने या संक्रमणात तंत्रज्ञांना प्रशिक्षण दिले, तथापि एकट्याने दुकान चालविणाऱ्या मेकॅनिकला प्रत्येक बदलासाठी नवी हत्यारे व शिकण्याचा वेळ स्वतःच उभा करावा लागला.

आईस डिस्पेन्सरसारख्या यंत्रणेत अडचण आणखी वाढते. विद्युत आकृती, दोषसंकेतांचे अर्थ आणि सुटे भाग हे कंपनीच्या अधिकृत सेवेपुरते मर्यादित राहिले, तर ग्राहक व स्थानिक मेकॅनिक दोघेही परावलंबी होतात. या दृष्टीने केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'वर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी पोर्टल सुरू केले. यात गृहोपयोगी वस्तूंचा समावेश आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांनी टाकून दिलेल्या यंत्रांची जबाबदारी उत्पादकावर ठेवली. परंतु यंत्र टाकून देण्याची वेळच उशिरा यावी, यासाठी दुरुस्तीची माहिती ग्राहकाच्या भाषेत मिळणे अगत्याचे आहे. ज्या कुटुंबाने अनेक महिन्यांची बचत एका फ्रीजमध्ये घातली आहे, त्याच्या दृष्टीने बुजलेली जाळी आणि जळालेला व्हॉल्व्ह यांतील फरक कळणे म्हणजे मोठा खर्च वाचणे होय.

निष्कर्ष :

१) महाराष्ट्रात बर्फाचा इतिहास हा पुरवठ्याचा इतिहास आहे. १८३४ मध्ये तो जहाजावर अवलंबून होता, आज तो वीज व पाणी यांवर अवलंबून आहे. यंत्र घरात आल्याने हे अवलंबित्व संपले नाही, केवळ त्याचे रूप बदलले.

२) परभणी जिल्ह्यासारख्या भागात आईस डिस्पेन्सरचे नेहमीचे बिघाड खंडित वीज, अपुरा दाब, क्षारयुक्त पाणी आणि तीव्र उष्मा या चार कारणांशी जोडलेले दिसतात. सुटा भाग बदलण्यापूर्वी ही कारणे तपासली नाहीत तर दुरुस्ती टिकत नाही.

३) गोळा सोडविणे, जाळी स्वच्छ करणे, नळी मोकळी करणे ही कामे घरी सुरक्षितपणे करता येतात. गॅस व कॉम्प्रेसरची कामे प्रशिक्षित व्यक्तीनेच करावीत.

४) किमान किती पाण्याचा दाब हवा आणि किती क्षार चालतात, हे विक्रीच्या वेळीच खोक्यावर ठळक मराठीत छापले जाणे आवश्यक आहे. दोषसंकेत व सुट्या भागांची माहितीही मराठीत मिळावी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात स्वयंचलित बर्फयंत्रणेचा स्थानिक परिस्थितीच्या संदर्भात समावेश व्हावा.

५) शीतसाखळीतील फ्रीज खंडित वीज गृहीत धरून घडविता आला. घरगुती यंत्रांच्या बाबतीतही तसा विचार झाला तर परभणीच्या उन्हाळ्यात यंत्र दुरुस्त करण्याची वेळ कमी येईल आणि ते वापरण्याची वेळ अधिक येईल.